मेल आली की लगेच

शाळेतून निवृत्त झाल्या तरी बाई रोज सकाळी इस्त्रीचे कपडे, पायांत बूट अशा थाटात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हजर असायच्या. शाळेने त्यांचं नाव बदली शिक्षकांत ठेवलं होतं. कुणी शिक्षक आजारी पडला की शाळेची मेल एकाच वेळी चौघांना जायची, आणि जो आधी 'येतो' म्हणेल त्याला तो वर्ग. पण बाईंच्या फोनमधलं मेलचं ॲप म्हणजे भलतंच निवांत प्रकरण! ते आपल्या सवडीने, मनात येईल तेव्हा मेल आणायचं. बाई बोटाने स्क्रीन खाली ओढत डोळ्यांत तेल घालून बसत. चहा ओतायला उठल्या रे उठल्या की नेमकी तेव्हाच मेल यायची. मग उत्तर पाठवावं, तर पलीकडून 'वर्ग भरला, धन्यवाद.'

"अहो, हे कधी सुधारणार?" त्या नवऱ्याला विचारत.

नवरा लिफ्ट दुरुस्तीतला जुना माणूस. घरातल्या यच्चयावत बटणांचा कारभार त्याच्याकडे. मेल आल्याबरोबर फोन वाजेल अशी सोय होणार की नाही, असं त्याने ॲपवाल्यांना विचारून पाहिलं होतं. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तर म्हणे पुढच्या अपडेटमध्ये बघू.

"येईल गं," तो बायकोला सांगायचा.

खरं सांगायचं तर त्याला काडीची घाई नव्हती. नोकरीभर बायको सकाळी ब्रेडचा तुकडा तोंडात धरून पळाली होती, आणि हा कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्टखाली घुसलेला. आता कुठे ती समोर बसून चहा प्यायची. सुखात होता बेटा.

एका सोमवारी अपडेट आलं. बायको अंघोळीला गेली होती. सेटिंगमध्ये नवीन ओळ दिसली, 'मेल लगेच दाखवा', आणि तिच्यासमोरचं बटण बंद. त्याचं बोट तिथवर गेलं आणि थबकलं. उद्या करू, म्हणत त्याने फोन जागेवर ठेवून दिला. तो उद्या काही उगवेना. बाई रोज विचारत, आणि हा रोज त्यांच्या कपात आणखी चहा ओतत राही.

शुक्रवारी बाईंनी बूट काढले, पुसले आणि खोक्यात घातले.

"जाऊ दे ते ॲप," त्या म्हणाल्या. "माझेच हात चालत नाहीत आता. तरुण मुली कशा चटकन उत्तर देतात! मी काही आता शाळेच्या कामाची राहिले नाही."

त्याने कप खाली ठेवला. आपल्या घोटभर सुखासाठी हिला म्हातारी करून ठेवली की आपण! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"दे इकडे फोन," तो म्हणाला, आणि बटण दाबलं. "आलंय अपडेट. ते बूट बाहेर काढ."

सोमवारी चहा कपात पडतो न पडतो तोच फोन वाजला. बाईंनी 'येते' लिहिलं, पर्स उचलली आणि मागे वळूनही न बघता पळाल्या. त्याने दोघांचाही चहा पिऊन टाकला. घर खायला उठलं होतं.

दुपारी बाई परतल्या त्या केसांत खडूची भुकटी आणि बसलेला आवाज घेऊन. पण बोलणं थांबेल तर शपथ! एक पोरगी म्हणे हट्टालाच पेटली होती, की एक चतुर्थांश एक तृतीयांशापेक्षा मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. मग बाईंनी तिच्याच डब्यातली पोळी कापून दाखवली, तर सगळा वर्ग ती खायला धावला. ताटातलं अन्न गार झालं. नवरा हसून हसून बेजार.

मध्येच बाई थांबल्या. "अहो, तुम्ही तर नुसतं एक बटण दाबलंत. अपडेट आलं कधी होतं?"

"मागच्याच सोमवारी," तो म्हणाला. न सांगून जातो कुठे! "तू समोर बसायचीस. मला बरं वाटायचं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. या नजरेने वर्गच्या वर्ग गप्प होत.

"आणि समोर बसून मी बोलत होते का काही?"

त्याने आठवून पाहिलं. खाली घातलेली मान आणि स्क्रीनवरचं बोट, एवढंच आठवलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग आता ऐका," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून त्यांनी ते पोळीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.