चिप नसलेली चावी

यज्ञेश्वरने त्या रविवारी सकाळी सात वेळा सेल मारला. इंजिन घरघरत फिरायचं, आता सुरू होणार असं वाटायचं, आणि नाहीच. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत येणारे-जाणारे मान वळवून बघत आणि पुढे जात. यवतमाळहून येऊन तीन वर्षं तो इथे राहत होता, पण त्यातल्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने धानोरी रस्त्यावरच्या दशरथ मेकॅनिकला फोन लावला.

दशरथने आल्या आल्या बॉनेट उघडलं. "मारा सेल. बॅटरी तर ठणठणीत हाय." मग प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. मागच्या सीटला कान लावून पुन्हा चावी फिरवायला लावली. पेट्रोलच्या पंपाचा आवाजही नाही. फ्यूज सगळे धड होते. तो हात पुसत उभा राहिला.

"करंट बी नाही, पेट्रोल बी नाही. दोन्ही एकाच टायमाला कसं जाईल साहेब?"

तेवढ्यात त्याला डॅशबोर्डवर लुकलुकणारा बारीक लाल दिवा दिसला. "चावी बघू."

चावी नवीकोरी होती. ऑफिसच्या सहलीत खडकवासल्याला यज्ञेश्वरची चावी हरवली, म्हणून कालच त्याने चावीवाल्याकडून कुलपावरून ही करून घेतली होती.

"तरीच! हिच्यात चिप नाही. चिप वळखल्याबिगर गाडी करंट-पेट्रोल सोडतच नाही. दार उघडंल, सेल फिरंल, पण गाडी काय सुरू व्हायची नाही. कंपनीची दुसरी असंल ना?"

होती. बायकोकडे, पूर्वाकडे. दिवाळीनंतर ती नारायण पेठेत माहेरी गेली, तेव्हा तिच्या पर्समधून गेली. मोठं भांडण असं झालंच नव्हतं. तो उशिरा घरी यायचा, अमेरिकेचा कॉल संपवून झोपायचा. एक दिवस ती म्हणाली, "एकटीनेच राहायचं तर इथे कशाला?" आणि तिने बॅग भरली. त्याने अडवलं नाही. त्या आठवड्यात त्याच्या प्रोजेक्टची रिलीज होती.

चार महिन्यांनी त्याने तिच्या घरचा नंबर फिरवला. फोन सासऱ्यांनी, तात्यारावांनी घेतला.

"गाडी सुरू होत नाहीये. दुसरी चावी पूर्वाकडे आहे, म्हणून…"

"अस्सं. गाडीसाठी फोन केलात होय. या. आम्ही घरीच असतो."

दशरथ म्हणाला, "जाऊन या, तवर मी प्लग बसवतो." यज्ञेश्वर रिक्षाने निघाला. वाटेत त्याने मनाशी चार वाक्यं जुळवली.

दार पूर्वानेच उघडलं. चावी तिच्या हातात तयार होती, कीचेन काढून ठेवलेली.

"कशी आहेस?"

"बरी. तू?"

"बरा."

जुळवलेल्या चारांपैकी एकही वाक्य तोंडातून बाहेर पडेना. तो म्हणाला, "चिपवाली करून घेतो, मग ही परत आणून देतो."

"नको. तुझ्याकडेच ठेव. मला आता लागणार नाही."

आतून तात्याराव म्हणाले, "अगं, त्यांना बसायला तर सांग. चहा टाकलाय."

"मेकॅनिक खोळंबलाय," यज्ञेश्वर म्हणाला आणि जिना उतरला. खाली येऊन तो जरा वेळ फाटकाशी उभा राहिला. दशरथ आणखी अर्धा तास सहज थांबला असता. पण यज्ञेश्वरने समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

त्या चावीने गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. दशरथ खूश झाला. "चला, एक राउंड मारून बघू. मला गॅरेजला सोडा," म्हणत तो शेजारच्या सीटवर बसला आणि त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. दिवाळीपासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

"मॅडम उंचीनं कमी हायत वाटतं," असं म्हणत त्याने सीटखाली हात घातला.

"राहू द्या, राहू द्या," यज्ञेश्वर घाईने म्हणाला. पण तोवर सीट खटकन मागे सरकली होती.

"काय म्हणालात?"

"काही नाही." यज्ञेश्वरने पहिला गिअर टाकला आणि गाडी गेटबाहेर काढली.