यंदा आकाशात काय?

१९८१ सालच्या दिवाळीत लखनौतल्या मराठी मंडळींचा फराळ झाला आणि त्यानंतर डॉ. दिनकर सबनीस त्या मंडळींत पुन्हा कधी दिसले नाहीत. पद्मिनी त्या फराळाची सात वर्षं वाट पाहत होती.

सात वर्षांपूर्वी आलमबागच्या गच्चीवर वाळवण गोळा करताना तिला तिन्हीसांजेला आकाशात तांबूस तबकडी दिसली होती. वारा अगदी पडलेला. तबकडी पाण्याच्या टाकीवर थबकली आणि आली तशी निघून गेली. पद्मिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, हंगामी नोकरीवर. पाहिलं ते तिने वेळेसकट लिहून वर्तमानपत्राला कळवलं. चार दिवसांनी सबनीसांचं उत्तर छापून आलं. ते तिच्या नवऱ्याचे, राजारामचे, संशोधन संस्थेतले साहेब. बाईंनी शुक्र पाहिला, त्यांनी लिहिलं होतं, आणि अशा बाईंनी मुलींना विज्ञान काय शिकवावं? शाळेने तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि नोकरी संपवली.

तेवढ्यावर भागलं नाही. दर दिवाळीला चकली मोडत सबनीस सगळ्यांदेखत विचारायचे, "काय वहिनी, यंदा आकाशात काय?" मंडळी हसायची. राजारामही हसायचा. पद्मिनी एकेकाचं तोंड लक्षात ठेवायची.

चौक या जुन्या लखनौतल्या वस्तीतले पतंगवाले अच्छन मियाँ यांची मुलगी तिच्या वर्गात होती. बाईंची नोकरी गेली आणि पोरीचं विज्ञान सुटलं, हे मियाँना लागून राहिलं होतं. त्यांच्याच गच्चीवर पद्मिनीने तो जुना लखनवी प्रकार पाहिला: काळ्या पतंगाच्या दोरीला कागदी कंदील बांधायचे. अंधारात पतंग दिसत नाही, दिवे तेवढे तरंगतात. चौकातलं शेंबडं पोरही ते ओळखे. पण सबनीस लखनौत आल्यापासून बारा वर्षांत चौकात एकदाही फिरकले नव्हते. 'या लोकांत' मिसळणं त्यांना कमीपणाचं वाटे.

दिवाळीआधी ओळीने तीन दिवस, दिवेलागणीनंतर, इंदिरा नगरात त्यांच्या घरामागच्या माळावरून मियाँनी तीन कंदील चढवले. नवी वस्ती, सगळे बाहेरगावचे नोकरदार, ओळखणार कोण? सबनीसांनी कोन मोजले, वेळा टिपल्या आणि स्वतःच्या नावाने छापून आणलं की हे विमान नव्हे, फुगा नव्हे, ग्रहही नव्हे. शास्त्राला अज्ञात असं काही आहे.

फराळाच्या दिवशी ते कात्रण हातोहात फिरत असतानाच पद्मिनी मियाँना घेऊन आत आली. त्यांनी काळा पतंग आणि तीन कंदील लाडवांच्या ताटाशेजारी ठेवले, अदबीने आदाब केला.

"डॉक्टर साहब, तीनों शाम आप ही के लिए उड़ाई थी."

कुणी हसलं नाही. पद्मिनीने सबनीसांच्या बशीत चकली वाढली. "घ्या ना, भाऊजी. यंदा आकाशात काय?"

मग जे हसू फुटलं, ते सबनीस जिना उतरेपर्यंत थांबलं नाही.

वर्षभरात सबनीस बदली मागून हैदराबादला गेले. त्यांनी वर्तमानपत्राला पुन्हा पत्र लिहिल्याचं कुणी ऐकलं नाही. अच्छन मियाँ चार वर्षांनी वारले. जाण्याआधी त्यांनी मुलीला बी.एस्सी. झालेलं पाहिलं. तिचा अभ्यास पद्मिनीनेच घरी घेतला होता. राजाराम निवृत्त होऊन साताऱ्याला परतला. एकदा चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "तुझी ती तबकडी, तोही कुणाचा तरी कंदीलच असणार, नाही का गं?"

तबकडी दिसली त्या संध्याकाळी वारा नव्हता. पतंग चढलाच नसता. पण आता ते कुणाला सांगणार? पद्मिनीने कप उचलले आणि विसळायला घेतले.