फुगा उतरवण्याआधीची हाक

शहराच्या मधोमध नदीत एक रबरी बंधारा आहे. हवा भरली की तो फुगतो, पाणी अडतं, तलाव होतो आणि लोक नावेत बसून असे मिरवतात, जणू यांनीच पाणी शोधून काढलं. सगळे त्याला फुगाच म्हणतात. वरून पाणी वाढलं की हवा सोडून फुगा उतरवायचा. त्याआधी तीनदा भोंगा द्यायचा, म्हणजे खालच्या पात्रातली माणसं वर येतात. इथल्या ऑपरेटरने वीस वर्षं हे काम डोळ्यांत तेल घालून केलं.

त्याचे वडील रोज सकाळी खालच्या खडकावर गळ टाकून बसायचे. मासा काही लागायचा नाही. "मासे हुशार झालेत, मी तसाच राहिलो," म्हणायचे. भोंगा झाला की निमूट वर येऊन लेकाबरोबर चहा प्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल संपला. आज आणतो, उद्या आणतो करत आठवडा गेला. शेवटी ऑपरेटरने सेल घेतला, खिशात टाकला आणि संध्याकाळी देऊ म्हणून कामाला गेला. त्याच सकाळी पाणी वाढलं. त्याने तीनदा भोंगा दिला, दहा मिनिटं थांबला आणि हवा सोडली. खडक केबिनमधून दिसत नाही. वडील दुपारी दुसऱ्या पुलापाशी सापडले.

चौकशीत त्याची चूक निघाली नाही. सेल मात्र आईला सापडला, शर्ट धुवायला घेताना. सेल तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाढायला लागली. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

आता भोंगा दिल्यावर तो स्वतः पायऱ्या उतरून खाली जातो. "कोणी आहे का? वर या," अशी हाक मारतो. मदतनीस मनात हसतात, हसोत बापडे.

आज तो खाली गेला, तर खडकावर आई बसलेली.

"आई, भोंगा ऐकला नाहीस?"

"ऐकला. माझे कान शाबूत आहेत. तू खाली येतोस का, तेवढं बघायचं होतं."

त्याने हात पुढे केला. तो न धरता ती उठली.

"येतोस होय आता," म्हणाली आणि एकेक पायरी चढू लागली.

तिच्या मागून चढताना तो लहान पोरासारखा रडत होता. तिने वळून पाहिलं नाही. पाणी वाढत होतं आणि हवा त्यालाच सोडायची होती.