अर्धवट फिरलेली बॅट

मी एक जुनी होमप्लेट आहे. मित्रांनो, बेसबॉलचा फलंदाज ज्या पाचकोनी रबरी पाटीपाशी उभा राहतो, तीच मी. नेब्रास्कातल्या या खेड्यात मला मातीत ठोकलं, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. आता अंगावर सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं आणि तंबाखूच्या थुंकीची पुटं आहेत. खेळाचा मला कधीच कंटाळा आला नाही, पण माणसांची शिसारी येते.

बॅट पुरती फिरली की मध्येच आवरली, हे माझ्याइतकं जवळून कोणालाच दिसत नाही. पण ठासून सांगतात ते कुंपणापलीकडचे आईबाप. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! या शिव्यांपायी पंचही हल्ली मिळत नाहीत.

त्या रविवारी दोन पंचांपैकी बेसपाशी उभा राहणारा आलाच नाही. आमचा कोच हॉलिस याने प्रेक्षकांतून ड्वेन नोव्हाकला उठवलं. ड्वेन पूर्वी पंचगिरी करायचा, आणि त्याचा मुलगा वेस्ली आमच्याच संघात होता. हॉलिसने त्याला डोळा मारला, तो मी पाहिला.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आमची पोरं धावायला तयार आणि फलंदाज वेस्ली. चेंडू बाहेरून आला. वेस्लीने बॅट फिरवली आणि आवरली. फिरली नसेल तर हा चौथा वाईट चेंडू ठरून वेस्लीला फुकटचा बेस मिळणार, तिसऱ्या बेसवरचा पोरगा धाव घेऊन माझ्यापाशी येणार आणि बरोबरी होणार होती. फिरली असेल तर तिसरा स्ट्राइक, म्हणजे तिसरी हुकलेली संधी, वेस्ली बाद आणि सामना हातचा गेला. माझ्यामागच्या पंचाला नीट दिसलं नव्हतं. त्याने रिवाजाप्रमाणे ड्वेनकडे बोट केलं.

ड्वेनने मूठ वर केली. बॅट फिरली होती.

मग घर फिरलं तसे वासेही फिरले. चर्चमध्ये ड्वेनच्या शेजारी बसणाऱ्यांनीही त्याचा उद्धार केला. हॉलिस पचकन माझ्यावर थुंकला.

"पोटच्या पोराला खाल्लंस, ड्वेन."

ड्वेन मैदानावरच थांबला. बाकी सगळे गेल्यावर वेस्लीही माझ्यापाशी घुटमळत राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"डॅड, तू 'फिरली नाही' म्हणाला असतास तर कोणाला कळलं असतं?"

"तुला."

 वेस्ली गुडघ्यावर बसला आणि शर्टाच्या बाहीने त्याने माझ्यावरची थुंकी पुसली.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण खरं सांगणाऱ्यावर थुंकू नका. ती थुंकी शेवटी तुमच्याच पोराला पुसावी लागते.