आधी स्वतः झोपून बघा

मित्रांनो, मी इस्पितळातला एक जुना लोखंडी पलंग आहे. वीस वर्षं माझ्यावर माणसं बरी झाली. मग पाठ वर करायचा माझा दांडा मोडला आणि मला वॉर्डाच्या टोकाला, मोडक्या खुर्च्यांशेजारी ढकललं. तिथून सगळं दिसायचं.

नव्या बायकांना काम शिकवायच्या मावशी, तिथल्या सर्वांत जुन्या आया. शिकवायच्या म्हणजे काय, "बघत राहा, आपोआप येईल," म्हणत झपाझप पुढे जायच्या.

अशात एक नवी आली. तिला सगळे भित्री म्हणत. घरी दोन लेकरं, थकलेली सासू आणि कमावती ही एकटी. तिसऱ्याच दिवशी कमरेचं ऑपरेशन झालेल्या आजोबांच्या अंगाखालची चादर तिने मावशींसारखीच खसकन ओढली. आजोबा असे कळवळले की सगळा वॉर्ड दचकला. "शनिवारपर्यंत जमलं नाही, तर घरी," इस्पितळाच्या साहेबांनी सांगून टाकलं.

तेव्हा वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी तिच्या सरावासाठी मला धुऊन पुसून पुढे आणवलं.

"मावशी, झोपा यावर."

"मी? तीस वर्षं चादरी बदलतेय मी."

"बदलता हो. तुमच्या अंगाखालची कुणी बदललीय कधी?"

मावशी आडव्या झाल्या आणि भित्रीने चादर ओढली.

"अगं ए, पोतं आहे का मी?"

"मावशी, तुम्ही अशीच ओढता," भित्री हळूच म्हणाली.

जमलेल्या सगळ्या आया हसल्या. मावशी मात्र छताकडे बघत राहिल्या. "पुन्हा कर. पण आधी सांग, कुठल्या कुशीवर वळवतेस. पडेन असं वाटतं गं."

मग चार दिवस दोघींनी पाळीपाळीने माझ्यावर झोपून सराव केला. आधी सांगायचं. माणसाला अलगद कुशीवर घ्यायचं. जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, तिला लागून नवी. घाई नाही.

शनिवारी साहेब आजोबांच्या पलंगाशी येऊन उभे राहिले. पलीकडून आधाराला मावशी होत्या.

"आजोबा, आता डावीकडे वळवते हं. माझा दंड धरा."

आजोबांनी डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "कधी सुरू करताय?"

"झाली की बदलून."

साहेब समाधानाने मान डोलावून गेले. मावशींनी भित्रीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळली, आणि हसली.

आता प्रत्येक नवी बाई पहिल्या दिवशी माझ्यावर झोपते, आणि शिकवते भित्रीच. मला निळा रंग मिळालाय, खिडकीची जागाही. मित्रांनो, तुमच्याकडे कुणी नवखं आलं, तर त्याला चुकायला अशी एक जागा द्या. आणि माझ्या चाकांना अधूनमधून तेल.