आणखी एक घाणा

आंबलेल्या माव्याला आधी वास येत नाही, चव येते. जिभेच्या कडेला जरा चुरचुरतं, एवढंच. वास दुसऱ्या दिवशी येतो, आणि तो आला की त्यात वेलदोडा जास्त घालतात. हे मला बुऱ्हाणपूरला सून म्हणून आल्यावर कळलं. तेव्हापासून नुसता वेलदोडा कुटताना ऐकू आला तरी मला मळमळतं.

आमचं दुकान मावा जिलेबीचं, म्हणजे खव्याच्या जिलेबीचं, भर चौकात. सासऱ्यांचं नाव चुडामण, पण घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी दुकानाचं नाव कमावलं ते जिलेबीने आणि त्याहून जास्त एका रिवाजाने. रोज दिवेलागणीला उरलेला मावा पितळी डब्यात भरून ते चालत राजघाटावर जात आणि तापीतल्या माशांना घालत. जैनाबादेहून सकाळी नदीपलीकडचा ताजा मावा यायचा आणि संध्याकाळी उरलेला नदीतच जायचा. आजचा मावा उद्या कढईत पडणार नाही, हे सांगायला पाटी लावावी लागत नव्हती. सगळा बाजार डोळ्यांनी बघत होता. हे ऐकून नागपूरला माझ्या वडिलांनी स्थळाची पुढची चौकशीसुद्धा केली नाही.

नवरा, सुरेश, नागपूरलाच बी. कॉम. झालेला. मी गणित घेऊन बी. एस्सी. झाले आणि इथे मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. नवा मध्य प्रदेश होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो. कचेऱ्यांचे कागद भोपाळला जाऊ लागले आणि एप्रिलपासून आण्यांच्या जागी नवे पैसे आले. सगळं नवं होतंय म्हटल्यावर सुरेशला दुकानही नवं करायचं होतं.

एका दुपारी तो महिनाभराचा खर्च घेऊन माझ्यापुढे बसला. "आबा रोज अंदाजाने कढई उतरवतात," तो म्हणाला. "किती घाणे काढावेत हे शास्त्राने ठरव. तुझं कॅल्क्युलस कधी कामाला येणार?"

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. शाळेत अपूर्णांकांच्या पुढे जायला मिळत नव्हतं. मी आकडे मांडले. भाडं, कारागिराचा रोज वगैरे धरून दिवसाचे बारा रुपये काहीही केलं तरी जायचे. त्यावर प्रत्येक घाण्याला तीन रुपये; त्यातले दोन नुसत्या माव्याचे. पण गोष्ट तिथे थांबत नव्हती. घाणे वाढले की तूप काळं पडतं, ते बदलावं लागतं, लाकूड जास्त जळतं, आमचा कारागीर, दगा नावाचा, थकतो आणि जिलेब्या मोडतात. म्हणून खर्च सरळ रेषेत चढत नाही, वर वळत जातो. त्या वळणाचं अवकलन काढलं की कुठल्याही क्षणी विचारता येतं, आता आणखी एक घाणा टाकला तर तो केवढ्याला पडेल? दहाव्यापाशी उत्तर आलं चार रुपये, विसाव्यापाशी पाच. घाणा विकला जायचा पाच रुपयांना. म्हणजे विसावर थांबावं. एकविसाव्याचा खर्च मी पडताळूनही पाहिला, तो पाच रुपये पाच नवे पैसे निघाला. अवकलनाने पाच सांगितलं होतं. पाच पैशांचा फरक! मला इतका आनंद झाला की मी सुरेशला चहा करून दिला.

आबा वर्षानुवर्षं अंदाजाने एकोणीस-वीस घाणेच काढत होते. गणिताने नवं काहीच सांगितलं नव्हतं. सुरेशचा चेहरा उतरला.

चार दिवसांनी तो तोच कागद घेऊन हसत आला. "यात एक गलती आहे. माव्याचे दोन रुपये तू प्रत्येक घाण्याला धरलेस. पण काल उरलेल्या माव्याचे पैसे तर काल गेले. तो नदीत टाका नाहीतर कढईत टाका, ते परत येत नाहीत. मग आजच्या घाण्यात त्याचा खर्च किती? शून्य. सीधी बात आहे."

मी पुन्हा हिशेब करून पाहिला. हिशेबाने तो चुकत नव्हता, हीच तर घाण होती. दोन रुपये काढून टाकले की विसाव्यापाशी पुढचा घाणा तीन रुपयांना पडत होता आणि पाचला विकला जात होता.

"अहो, तो मावा आंबलेला असतो," मी म्हणाले.

"वेलदोडा आहे ना."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक खातं आणि जातं. तुझ्या समीकरणात गिऱ्हाइकाचं पोट कुठे आहे, दाखव."

"नाही, आणि दुकानाचं नावही नाही. हे गणित जवळच्या एका पावलापुरतं खरं असतं. खर्च हळूहळू वळतो म्हणून अवकलन निघतं. नाव हळूहळू उतरत नाही, एकदम तुटतं. तिथे काहीच निघत नाही."

"मास्तरीण," तो म्हणाला आणि माझ्या गालाला हात लावून गेला. त्या हाताला तुपाचा वास होता. मी गाल पदराने पुसला.

मला वाटलं, आबांपुढे त्याचं काही चालणार नाही. उरलेला मावा तर रोज घाटावर जात होता. मी स्वतः बघत होते. पण घरात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक संध्याकाळी कमी भरायची. मी एक दिवस शाळेतून लवकर आले तर सुरेश मागच्या पडवीत बसून कणकेचे गोळे तुपात परतत होता. ते तांबूस झाले की त्यांच्यावर माव्याचा हात फिरवायचा आणि पितळी डब्यात भरायचा. खरा मावा ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला.

"रिवाज मोडला नाही मी," तो म्हणाला. अगदी सहज. "लोकांना आबा घाटावर जाताना दिसायला हवेत. त्याचा फायदा आहे. त्यासाठी मावाच पाहिजे असं थोडंच आहे? मासे कणीकही खातात."

मला शिसारी आली. बापाला फसवायचं, नदीला फसवायचं, आणि वर मासे खातात म्हणून सांगायचं! आबांचं नाक तपकीर ओढून ओढून कामातून गेलं होतं. त्यांना कळणार कुठून, असं मी समजले. म्हाताऱ्याच्या हातात रोज खोटा डबा देऊन त्याला गावभर मिरवायला पाठवतात, या विचाराने मला रात्रीचं जेवण जाईना.

त्याच आठवड्यात भागाबाई दुकानात आली. जसोंडी गावची, नवरा वारलेला, केळीची बाग स्वतः बघणारी. शुक्रवारी तिच्या मुलीचं लग्न होतं. मुलीची पहिली सोयरीक ऐन वेळी मोडली होती, कारण काय तर बैठकीत चहा गार दिला. आता डोईफोडिया गावचं स्थळ आलं होतं आणि ती मंडळीही तशीच नाक मुरडणारी होती. "पोरीचं हे लगन निघून गेलं पाह्यजे, बाई," ती मला म्हणाली. "पंगतीत कोनाचं पोट बिघडलं ना, तं ते लोक मांडवातून उठून जातीन. म्हनून म्या दुसऱ्या दुकानात नाई गेली. घाटावर म्या सोता आबाले मावा टाकताना पाह्यलं."

सुरेशने तिच्याकडून बयाना म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि तिला पाणी दिलं. ती गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "हिला ताज्या माव्याची द्या. एवढी एकच ऑर्डर."

"उलटं आहे," तो म्हणाला. "मोठी ऑर्डर म्हणजे शिळा मावा एकदम निघून जातो. आणि शंभर पानांत दोघा-चौघांचं पोट दुखलं तर लोक म्हणतील, उन्हाळा आहे, ऊन लागलं."

बोलताना तो पाकाची पळी चाटत होता. ताज्या पाकाची. या माणसाशी मी लग्न केलं आणि याच्या ताटाशेजारी ताट मांडते, याची मला किळस आली. अंगावरून काही चालून गेल्यासारखी.

आता एकच माणूस उरला होता. गुरुवारी संध्याकाळी मी आबांच्या मागोमाग राजघाटावर गेले. पाणी उतरून खडकांना लागलं होतं. आबा शेवटच्या पायरीवर बसले, डबा उघडला आणि एकेक गोळा हळूहळू पाण्यात सोडू लागले. वरच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं त्यांना हात जोडत होती.

मी जवळ जाऊन बसले. "आबा, रागावू नका. तो मावा नाही. ती कणीक आहे."

त्यांनी हातातला गोळा पाण्यात सोडला.

"खरा मावा दुकानात ठेवलाय. तीन दिवसांचा. उद्या भागाबाईच्या पंगतीला तोच जाणार आहे. तिच्या पोरीचं लग्न मोडेल, आबा. तुम्ही सांगितलंत तर हे ऐकतील."

"हळू बोल," आबा म्हणाले. "वर लोक बसले हायेत."

मी आणखी जवळ सरकले.

"मले मालूम हाये, सूनबाई. पयल्या दिवसापासून मालूम हाये. नाक गेलं, पन हात तं नाई गेले. मावा आन् कनीक मले हाताले कयत नाई का?" त्यांनी डबा पाण्यात बुचकळला आणि स्वच्छ विसळला. "सुऱ्यानं हिसाब दाखवला. तूच काढला म्हने. बराबर हाये. इतके बरस म्या किती मावा पान्यात टाकला, त्याचा इचार करतो तं पोटात दुखते."

"पण भागाबाई?"

"घरच्यासाठी पयला घाना येगळा निघते, ताज्या माव्याचा. तुले कधी शिळं देल्लं का आमी?" ते खरोखर दुखावले होते. "आपल्या मानसाले कोनी असं देते का!"

म्हणजे रोज सकाळी माझ्या बशीत येणारी जिलेबी त्या पहिल्या घाण्याची होती. मी ती आवडीने खात होते. आबा उठले, वरच्या माणसांचे नमस्कार घेत घेत पायऱ्या चढले, आणि त्या पाठमोऱ्या पांढऱ्या धोतराकडे बघून मला सुरेशचा आला नव्हता एवढा तिटकारा आला. सुरेश निदान लाजत नव्हता. हा माणूस तर देवासारखा चालत होता.

शुक्रवारी मी शाळेत गेले नाही. सकाळी भागाबाईची बैलगाडी दुकानापुढे लागली. गाडीवर तिचा भाऊ लोटू होता. दगाने केळीच्या पानांनी झाकलेली मोठी टोपली आणून गाडीत ठेवली. सुरेश गल्ल्यावर होता, आबा बाहेर बाकावर. मी पायरीवर येऊन उभी राहिले.

"भागाबाई, ही नेऊ नका. मावा शिळा आहे."

भागाबाईने आधी माझ्याकडे, मग सुरेशकडे पाहिलं. "घरात काई भांडन झालं का?"

"भांडण नाही. मावा आंबलाय."

"रजनी, अंदर जा," सुरेश म्हणाला. "लोग देख रहे हैं."

"असं कसं बोलू राहिली, बाई?" भागाबाई चिडली. "म्या ह्या डोयानं पाह्यलं घाटावर. आबा, तुमीच सांगा. तुमी म्हनसान ते खरं."

आबांनी फेट्याचा पदर सारखा केला. "ताजी हाये," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

भागाबाईचा चेहरा सैल झाला. तिने लोटूला गाडी हाकायला सांगितलं. मी खाली उतरले, टोपलीवरचं पान बाजूला केलं आणि एक जिलेबी उचलून आबांपुढे धरली.

"मग खा, आबा."

आबांनी हात वर केला नाही. "वैद्यानं गोड बंद सांगतलं," ते म्हणाले. आदल्याच सकाळी त्यांनी दोन खाल्ल्या होत्या.

मी सुरेशपुढे धरली. "तुम्ही?"

"सकाळी सकाळी गोड नको." हे तो माणूस म्हणत होता, ज्याच्या तोंडात जिलेबी गेल्याशिवाय चहा जात नसे. त्याने हात मागे घेतला, अगदी थोडा, पण घेतला. भागाबाईने तो हात पाहिला.

ती माझ्याजवळ आली. रस्त्यात चार माणसं थांबली होती. मग तिने माझ्या हातातून जिलेबी घेतली, मोडली, नाकाशी नेली आणि आबांच्या पायाशी टाकली.

"लोट्या, टोपली उतरव."

"अरे भागाबाई, पंगतीचं काय करसान?" आबा बाकावरून उठले.

"गुळाचा सांजा करीन. डोईफोडियावाल्यायले नाई आवडला तं नाक मुरडतीन. मरनार तं नाई." ती गाडीत चढली. तिने पदर खोचला. लग्न दुपारी होतं आणि तिला अजून शंभर माणसांचा सांजा शिजवायचा होता. "बयाना ठेवा तुमी. माशायले टाका."

गाडी वळली. सुरेशने टोपली स्वतः उचलून आत नेली, पान नीट झाकलं आणि गल्ल्यावर येऊन बसला. थांबलेली माणसं पांगली.

"झालं समाधान?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "एक गिऱ्हाईक गेलं. एक! गावात गिऱ्हाइकं किती आहेत? एकाने किती फरक पडतो, काढ तुझ्या कॅल्क्युलसने."

मी पायरीवर परत चढून उभी राहिले. समोरून एक माणूस हातात फडकं घेऊन आमच्या दुकानाकडे येत होता, मागून दोन बायका.

"दादा," मी मोठ्याने हाक मारली, "इथली घेऊ नका. मावा तीन दिवसांचा आहे."