मधली घडी

"विनू, पान सुटं करायचं नाही. एकदा पान सुटलं का त्याचं कॅलेंडर होते."

अच्युतराव, विनोदिनीबाईंचे यजमान, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण हा आवाज काही घर सोडायला तयार नव्हता. कपाटाची धूळ पुसायला जावं तर आवाज, कडी लावावी तर आवाज. विनोदिनीबाई मनातल्या मनात "हो" म्हणत आणि कामाला लागत.

अच्युतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. पास मिळाला की लोक काशीला जात, हे हावड्याला. तिथल्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून फ्रेंच कलामासिकांचे अंक उचलून आणत. फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्या अंकांत चित्रकारांनी स्वतः दगडावर काढलेली आणि दगडावरूनच छापलेली चित्रं असत. "हा चित्राचा फोटो नोहे," ते सांगत, "हेच चित्र. शिळाछाप."

सासूबाई, गोदावरीबाई, तेव्हा हयात होत्या. "शिळी भाकर आयकली," त्या म्हणाल्या, "शिळं चित्र आजच आयकलं बापा."

"आई, तुयी पोथी बी शिळाछापच हाये. दगडावरूनच छापली ते."

सासूबाई पोथी उलटसुलट करून पाहू लागल्या. विनोदिनीबाईंनी मात्र त्या दिवशी ते सगळे अंक पोथीच्या कपाटात वरच्या फळीवर नेऊन ठेवले. चित्रं त्यांना कळली नाहीत ती नाहीतच. पण पोथीच्या जातीची वस्तू म्हटल्यावर तिला विटाळ होऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

या नादात अच्युतरावांचा एकच सोबती होता, त्याच ऑफिसातले गौतम खोब्रागडे. रिटायर झाल्यावर ते जवळच्याच अभनपूरला घर बांधून राहिले. एका अंकाच्या शोधात दोघांनी अर्धी नोकरी घालवली होती. त्याच्या मधोमध दोन पानं भरून एक पक्षी होता म्हणे. शेवटी कलकत्त्याच्या एका दुकानदाराने तो शोधून पाठवला, तेव्हा अच्युतराव दवाखान्यात होते. पाकीट त्यांनी उशाशी ठेवलं, उघडू मात्र दिलं नाही.

"गौतम्यासोबत उघडू. अन् मी नाही राहिलो, तर तू घेऊन जाजो. पहिले त्याने पाहावं."

"नेईन," विनोदिनीबाई म्हणाल्या होत्या.

मग वर्षभर सुतक-श्राद्ध झालं. मग चातुर्मास लागला. मग सोळा सोमवार धरले, मग अधिक महिना आला. प्रत्येक कारण खरं होतं, खोटं एकही नव्हतं, आणि पाकीट फळीवरच होतं.

काल संध्याकाळी गौतमरावांचा फोन आला.

"वहिनी, एक डोळा तर गेलाच. दुसऱ्यातबी धुकं उतरून राहिलं. डाक्टर म्हणते, जे पाहायचं ते पाहून घ्या."

"अगं बाई! भाऊजी, आणते मी. उद्या एकादशी आहे, परवा..."

"अवो, तुमच्या देवाच्या तारखा सरतील तवरी मले दिव्यदृष्टी आली असन." ते हसले. मग हसू थांबलं. "बायको रोज सकाळी माह्यापुढे बोटं धरते. आज तिचे किती बोटं होते ते मले सांगता नाही आलं."

रात्रभर विनोदिनीबाईंना धड झोप लागली नाही. सकाळी त्या रोजच्यासारख्या पोथीपुढे बसल्या. अध्याय पुरा होईपर्यंत त्यांचं मौन असे, आज कैक वर्षं. पण आज ओळीवर बोट एकीकडे आणि मन दुसरीकडे. तीच ओवी तिसऱ्यांदा वाचताना मागून शेखरचा, त्यांच्या मुलाचा, आवाज आला. नवीन राज्य झाल्यापासून तो एका नव्या खात्याच्या ऑफिसात होता आणि सकाळ-संध्याकाळ पळतच असे.

"आई, ते घेऊन जाऊ का?"

डबा ओट्यावर होता. रोज तो हेच विचारायचा.

"हूं," विनोदिनीबाईंनी मान न वळवता हुंकार दिला.

मौनात हुंकार चालतो की नाही, यावर सासूबाईंशी त्यांचा एकदा वाद झाला होता. सासूबाई म्हणत, हुंकार म्हणजे बोलणंच. विनोदिनीबाई म्हणत, शब्द नाही तर बोलणं कसलं?

ओवी पुढे सरकेना. बऱ्याच वेळाने, पाकीट जागेवर आहे ना, एवढंच पाहून घ्यावं म्हणून त्यांनी नजर वर केली. फळीवर बाकीचे अंक होते. पाकीट नव्हतं.

डबा ओट्यावर तसाच होता.

त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि क्षमाला, सुनेला, खुणेने रिकामी जागा दाखवली.

"ते पॅकेट? हे घेऊन गेले ना, आई. तुम्ही आंघोळीला होत्या तेव्हाच काढून ठेवलं होतं. पुरानी बस्तीत साहूकडे, फ्रेम करायला. त्यांच्या साहेबांची नवीन केबिन बनली, भिंत एकदम खाली, कोरी आहे म्हणे. बाकीच्या किताबांना हात नाही लावला. हे तर बंद पॅकेट होतं, नवीन. आणि तुम्हाला विचारलं ना? तुम्ही हूं म्हणाल्या."

विनोदिनीबाईंनी कानाशी हात नेऊन फोनची खूण केली. क्षमाने लावला. "बंद येतोय. मीटिंग असेल."

पोथी उघडीच होती. अध्याय अर्ध्यावर टाकून आसनावरून उठायचं नसतं, हा त्यांचा नेम. पण उठणं तर झालंच होतं. आता परत बसावं, भराभर ओव्या उरकाव्या आणि मग जावं? त्या दोन पावलं आसनाकडे गेल्या, दोन पावलं दाराकडे. मग पायात चपला सरकवल्या आणि ब्राह्मणपारा या आपल्या मोहल्ल्याच्या गल्लीतून निघाल्या. रस्ता ठिकठिकाणी खणून ठेवलेला. राजधानी झाल्यापासून गावाला रोज नवा खड्डा मिळत होता. ओळखीच्या बाया "कुठं चालल्या, काकू?" विचारत, त्या नुसते हात जोडत आणि पुढे जात. पावलागणिक एकच गोष्ट: पान सुटं करायचं नाही.

साहूच्या दुकानात देवांच्या तसबिरी भिंतभर टांगलेल्या होत्या. मधल्या टेबलावर ते मोठं जोडपान पालथं पसरलेलं, अंकापासून वेगळं केलेलं. मागची कोरी बाजू वर. साहूने पानाच्या मधल्या घडीवर लोखंडी पट्टी ठेवली होती आणि हातात पातं होतं.

"आओ दीदी. शेखर भैयाचंच काम करतो आहे. घडी पडली आहे ना मधे, खराब दिसते. घडीवरून काटून दोन फोटो बनवतो. जोडी मस्त दिसेल."

विनोदिनीबाईंनी पुढे होऊन त्या घडीवर हाताचा पंजा ठेवला. जोरजोरात मान हलवली.

साहूची नजर पानावरच होती; त्याने मान डोलावली. "हव दीदी, इहेंच ले. बरोबर इथूनच." त्यांचं बोट जिथे संपत होतं, तिथून खाली त्याने पातं लावलं. चर्र.

"नाही!"

आवाज इतका मोठा होता की साहूच काय, त्या स्वतःही दचकल्या. घरात कधी कुणी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. पातं थांबलं. घडीच्या खालच्या टोकाला बोटभर चीर गेली होती.

"फाडू नको रे बाबा. घडी खराब नाही. ते असंच आहे. घडीसकटच छापलं आहे."

"तर दीदी, पहिले काबर नइ बोलेव, क्यों नहीं बोला?" साहूचा चेहरा उतरला. "हाथ रखा तो मुझे लगा, यहीं से."

त्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. मौन मोडलं होतं, अध्याय मोडला होता, आणि ज्यासाठी मोडलं तेही धड वाचलं नव्हतं.

इतक्यात स्कूटर लावून शेखर आत आला. ऑफिसात फोन चालू होताच क्षमाने त्याला गाठलं होतं.

"आई, सॉरी यार... म्हणजे, मला वाटलं तू हो म्हणालीस. किती कटलं? साहू, पीछे से टेप लगा दे."

"टेप नको." त्या उठल्या. "शेखर, चूक तुझी नाही. माझा हुंकार होता."

साहूने पान उचलून उलटवायला घेतलं. "देखो तो सही दीदी, क्या चिरई बनाई है, निळी..."

"उलटवू नको!" मग सावरून हळू म्हणाल्या, "तसंच दे. पालथंच."

"तू बघितलंही नाहीस?" शेखरला कळेना.

"मला नाही बघायचं आधी."

त्यांनी पान घडीवरच अलगद मिटलं, अंकाच्या पानांमध्ये होतं तिथे सरकवलं. चीर बोटाला लागली. डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. साहूने न मागता दोन पुठ्ठे दिले, सुतळी दिली. पैसे घेतले नाहीत.

"घरी चल," शेखर म्हणाला. "पोथी पुरी कर तुझी. उद्या मी सुट्टी घेऊन तुला अभनपूरला नेतो. कारने. एका दिवसाने काय होतं?"

एका दिवसाने काय होतं? दोन वर्षं त्या स्वतःला हेच तर सांगत आल्या होत्या. आणि आज सकाळी अभनपूरच्या त्या घरात गौतमरावांच्या बायकोने पुन्हा बोटं धरली असतील.

"उद्या नाही."

"मग मी साहेबांना काय सांगू? केबिनचं उद्घाटन आहे."

"सांग, भिंत कोरीच शोभते. आणि तुझा डबा ओट्यावरच राहिला आहे, जाताना घे."

"अगं, निदान स्टेशनपर्यंत सोडतो."

"स्कूटरवर वाकेल रे ते."

छोट्या, नॅरोगेज लाईनची अभनपूरची गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर बस. त्यांनी पुठ्ठ्यांत बांधलेला अंक छातीशी धरला, दुकानाची पायरी उतरल्या आणि समोर उभ्या असलेल्या सायकल रिक्षात बसल्या.

"टेसन. गड्डा देख के, भैया," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या.